चुन्याच्या फुल्या

"फुली आपल्याच दाराला हाय. समोरच्याला न्हाई," घरातली सासू आत कुणाला तरी हळूच म्हणाली.

मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. शेजारी दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापक पुढचा प्रश्न जुळवत होते. आमच्या सेलूतल्या बायकांच्या एका मंडळाने या गावात हिवतापाच्या गोळ्या वाटल्या होत्या. त्याने ताप खरंच हटला का, हे पाहायला ते आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि बायका परपुरुषाशी बोलत नव्हत्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मंडळाने मला सोबत दिलं. दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं, आपलं काही बोलायचं नाही. मला ते सोयीचं वाटलं होतं.

तुलना करता यावी म्हणून गोळ्या मिळालेल्या घरांवर त्यांनी आदल्या दिवशी चुन्याने फुल्या काढल्या होत्या. बाकीची दारं कोरी. सायबाच्या खुणेला कुणी हात लावायचा नाही, असं पाटलाने बजावलं होतं. निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. नदीकाठची एक वाडी नुकतीच पेटवली होती. तिथेही म्हणे आधी कुणीतरी घरं हेरून, खुणा करून गेलं होतं.

"ताप गेला का, विचारा," प्राध्यापक म्हणाले.

मी विचारलं.

"ताप गेला की. आता तुमी कवा जायलाव?" सासू दाराशी येऊन म्हणाली.

तेवढ्यात सून बाहेर आली. दिवस भरलेले, काखेत बोचकं. अंगणात तिचा नवरा गाडीला बैल जुंपत होता.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"वऱ्हाडात. हिच्या मामाकडं," सासू म्हणाली.

"इतक्या लांब? वाटेतच बाळंत होईल ती."

"व्हईल. हितं ऱ्हाऊन जळण्यापरीस बरं. सायबाला इचारा बाई, फुली कुणाला दावायला काढली?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाळंतपणाला मामाकडे चाललीय म्हणते," मी इंग्रजीत म्हटलं.

"छान," ते हसून म्हणाले.

"काय म्हनला?" सासूने विचारलं.

मी गल्लीकडे पाहिलं. तिथे आणखी दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्ही फुलीवाल्या दारांपुढे. नवऱ्याने सुनेला आधार देऊन गाडीत चढवलं. तिने ओठ घट्ट मिटून पोटाखाली हात धरला.

मी उठले आणि मोठ्याने म्हणाले, "सर, तुमच्या खुणांना भिऊन ही गाव सोडतेय. आधी फुल्या पुसा. तुमच्या हाताने, यांच्यादेखत."