शारजातली धुराची बिअर

मी जर्मनीला कधी गेलेले नाही आणि बिअरचा थेंबही कधी प्यायलेले नाही. तरी बामबर्ग नावाच्या गावात कुठे बसून काय खावं-प्यावं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मोठ्या चर्चच्या टेकडीखाली काळ्या तुळयांची एक जुनी खानावळ आहे, तिथे धुराची बिअर मिळते. लाकडाच्या धुरावर धान्य वाळवतात, त्याचा वास बिअरला लागतो. पहिल्या घोटाला माणूस तोंड वाकडं करतो, म्हणून गाववाले सांगतात की तिसऱ्या ग्लासापर्यंत मत देऊ नका. तिच्यासोबत खिमा भरलेला अख्खा कांदा मागवायचा. मासा खायचा तर थंडीत, उन्हाळ्यात कुणी नाव काढत नाही. आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी टेकडीवर चढायचं. तिथे चेस्टनटच्या झाडांखाली लांबलचक बाकं आहेत, आणि रिवाज असा की बिअर त्यांची विकत घ्यायची, जेवण आपलं घरून न्यायचं. टेबलावर अंथरायचं कापडसुद्धा. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डबा घेऊन हॉटेलात बसायचं? मग आपल्यातलेच की गं ते."

हे सगळं मला शिकवलं नवऱ्याच्या साहेबांनी. ते मूळचे बामबर्गचे. दुबईत हॉटेलांची किचनं बसवून देणारी एक छोटी कंपनी ते चालवत होते आणि माझा नवरा त्यांच्या हाताखाली इंजिनिअर होता. साहेब साठीला आलेले, उंच, जरा वाकलेले. त्यांची बायको, जिला मी शेवटपर्यंत बाईच म्हटलं, तिचा जन्मही त्याच गावातला. मूलबाळ नव्हतं. पंधरा वर्षं दुबईत काढून दोघं एकच गोष्ट बोलत असत: आणखी दोन वर्षं, मग घरी जायचं आणि टेकडीवरच्या बाकावर बसायचं. यात मला काही विशेष वाटायचं नाही. आखातातला प्रत्येक माणूस "आणखी दोन वर्षं" म्हणतच जगतो. आम्हीही म्हणत होतो.

दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली आणि सगळं थांबलं. ज्या हॉटेलांसाठी साहेबांनी माल मागवला होता, ती अर्धवट उभी राहिली. मालाचे चेक साहेबांच्या सहीचे होते. हॉटेलवाल्यांचे पैसे न आल्याने ते न वटता परत आले आणि केस झाली. तिथल्या कायद्यात चेक परत येणं म्हणजे गुन्हा, त्यामुळे साहेबांचा पासपोर्ट जमा झाला. केस मिटेपर्यंत देश सोडायचा नाही. दुबईतला व्हिला सोडून ते शारजात अल मजाजला आमच्याच टॉवरमध्ये, दोन मजले खाली, भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आले. कंपनी बंद पडल्यावर नवऱ्याने कसाबसा अबुधाबीजवळच्या मुसफ्फाला जॉब धरला. आठवडाभर तो तिकडेच राहायचा आणि गुरुवारी रात्री घरी यायचा.

बाईचं विसरणं त्याच्या आधीच सुरू झालं होतं. किल्ली, गॅस, दिवस, असं आधी गेलं. मग एकेक शब्द करत तिचं इंग्रजी गेलं. पंधरा वर्षं दुबईत सराईत इंग्रजी बोललेली बाई, पण ती भाषा मागून आलेली, तशी आधी निघून गेली आणि खाली फक्त जर्मन उरली. मग आम्हा दोघींत भाषाच राहिली नाही. सकाळी साहेब वकिलाकडे नाहीतर कुणाच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवायला निघाले की तिला माझ्याकडे सोडून जायचे. खरं सांगायचं तर पहिला महिनाभर मी मनातून चडफडत होते. माझा नवरा दूर, मुलीची शाळा, त्यात ही परकी म्हातारी. पण भाजी निवडायला दिली की ती इतकी मन लावून निवडायची की माझा राग टिकायचाच नाही. माझ्या मुलीला तिने आजीसाठी जर्मन शब्द शिकवला होता, ओमा. मुलगी शाळेतून आली की विचारायची, "मम्मा, हॅज ओमा ईटन?" आणि मग माझी चौकशी.

बाईची बहीण बामबर्गलाच होती. तिला इकडे पाठवा, मी सांभाळते, असं ती म्हणत होती. एकदा तिकीटही काढलं. पण आमचं घर सोडून दुसरीकडे कुठेही साहेब दिसेनासे झाले की बाई पाचव्या मिनिटाला दारं ठोठावायला लागायची, परक्या विमानात सात तास कोण नेणार तिला. तेव्हा साहेब सुटले तरच ती सुटणार होती. आणि तोवर तिला गाव ओळखू येईल का, एवढा एकच प्रश्न त्या माणसापुढे होता. तो त्यांनी मला सरळ विचारला होता, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, जणू मी डॉक्टर होते.

मध्ये एकदा त्यांनी तिला दुबईच्या एका हॉटेलातल्या जर्मन बारमध्ये नेलं. नवरा गाडी चालवायला आणि मी तिला सांभाळायला. चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घातलेले फिलिपिनो वेटर, मोठ्याने बँड, फेसाळलेले मग आपटणारी गर्दी. बाई घाबरून माझा पदर, म्हणजे ओढणी, घट्ट धरून बसली. साहेब कसंनुसं हसत म्हणाले, "हे बामबर्ग नाही. असलं तर जर्मनीतही नसतं." त्यांनी आपली बिअर तशीच ठेवली आणि आम्ही उठलो.

शारजात तर दारूचं नाव नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे खालिद लगूनच्या हिरवळीवर जायचो. चादर अंथरायची, डबे उघडायचे, आणि दुकानात मिळणाऱ्या माल्टच्या, म्हणजे बिअरसारख्या दिसणाऱ्या बिनदारूच्या पेयाच्या, बाटल्या. दुधाची तहान ताकावर. साहेब मुळ्याच्या पातळ चकत्या करून त्यांना मीठ लावायचे, त्यांच्या गावी बिअरबरोबर हाच मुळा खातात. बाई मुळा कुरकुर करत खायची. माल्टचा मात्र एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवायची आणि दरवेळी तेच एक वाक्य म्हणायची. साहेबांनी अर्थ सांगितला: ही बिअर नाही. नवऱ्याचं नाव विसरलेली बाई, पण जिभेला फसवता येत नव्हतं.

एकदा मी वांग्याचं भरीत नेलं होतं, गॅसवर चांगलं करपवून भाजलेलं. बाईने पहिला घास घेतला आणि थांबली. भाकरी खाली ठेवून बोटाने नुसतं भरीत चाटलं. मग एक शब्द बोलली. साहेब म्हणाले, "धूर. ती धूर म्हणतेय."

ते ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपण डाळीला धुंगार देतो, निखाऱ्यावर तूप सोडून पातेल्यावर झाकण ठेवतो, तसा माल्टला दिला तर? सोमवारी करून पाहिलं. वर तुपाचा तवंग आला, फेस मेला आणि किचनमधला अलार्म कोकलायला लागला. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, धावत वर आला. "मॅडम, आग?" म्हटलं, "नाही भैया, खाना बना रही हूँ." त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि नाक मुरडून खाली गेला. दुसऱ्या खेपेला मी बाल्कनीत बसले, तूप काढून टाकलं, तुटलेल्या लाटण्याच्या ढलप्या निखाऱ्यावर ठेवल्या आणि रिकामा काचेचा मग त्या धुरावर पालथा धरला. धुराने तो मग आतून पांढरा झाला की पटकन सुलटा करून त्यात गार माल्ट ओतलं. मला स्वतःला त्याचा वास चुलीजवळच्या सांडशीसारखा आला.

शुक्रवारी साहेब वर आले होते, नवराही घरी होता. मी तो मग बाईच्या हातात दिला. तिने घोट घेतला. ओठ चाटले. दुसरा घोट घेतला, डोळे मिटले आणि एक लांब वाक्य बोलली, मग आणखी एक. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते, तसेच थांबले. त्यांनी तिला काहीतरी विचारलं. त्यावर ती चक्क चिडली, बायको नवऱ्यावर चिडते तशी, आणि त्यांना नावाने हाक मारून काहीतरी सुनावलं. कित्येक महिन्यांत तिने ते नाव घेतलं नव्हतं.

साहेब खुर्चीत परत बसले. मग तुटक इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली होती की उशीर झाला, पुलावरून जाऊ या, बाबा दारात उभे असतील. यांनी विचारलं, कुठल्या पुलावरून? तर म्हणाली, नदीत टाऊन हॉल उभा आहे त्याच पुलावरून, आणखी कुठल्या, तू काय या गावात नवीन आहेस? हे सांगून तो सहा फुटी माणूस माझ्या डायनिंग टेबलावर डोकं टेकवून रडला. माझा नवरा, जो सासरे गेले तेव्हाही रडला नव्हता, तोंड धुवायला बाथरूममध्ये गेला. बाईने शांतपणे मग संपवला.

पुढच्या शुक्रवारी मी तसाच मग केला. तिने घोट घेतला, चांगलं आहे अशी मान हलवली, आणि बस. त्याच्या पुढच्या वेळी मानही हलली नाही. मी लाकूड बदललं, माल्ट बदललं, धुरावर मग जास्त वेळ धरला. काही झालं नाही. पण साहेबांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. ते म्हणायचे, "शारजातल्या एका बाल्कनीतल्या धुराने एवढं केलं, तर खरी जागा काय करेल? एकदा तिला त्या बाकावर बसवतो. मग बघा." मला नवऱ्याजवळ बोलल्याशिवाय राहवलं नाही. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार रे?" तो म्हणाला, "गप्प बस. साहेबांकडे आता तेवढंच आहे."

मी गप्प बसले. पण रात्री एकटी असताना मला त्या अर्धवट हॉटेलवाल्यांचा, चेकचा, केसचा असा संताप यायचा. पासपोर्ट एका कपाटात पडलेला, आणि त्याच वेळी इथे खाली एका बाईच्या डोक्यातून एक अख्खं गाव गल्लीगल्लीने रिकामं होत होतं. कुणाला त्याची घाई नव्हती. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." साहेब त्यालाही थँक्यू म्हणायचे.

असं होत अडीच वर्षं गेली. शेवटी कुणीतरी कुणाशी तडजोड केली आणि खलास, केस मिटली. साहेब पासपोर्ट घेऊन थेट आमच्या दाराशी आले. तोवर बाई जेमतेम चार-पाच शब्द बोलत होती. माझी भाजी निवडणंही तिला जमेनासं झालं होतं, गवारीच्या शेंगा नुसती हातात धरून बसायची. निघायच्या दिवशी मी तिची वेणी घातली, कारण तिचे केस मला बांधता यायचे आणि साहेबांना नाही. लिफ्टपाशी ती माझ्याकडे वळून हसली. ओळखून हसली असं मी स्वतःला सांगितलं. मुलगी म्हणाली, "मम्मा, स्टॉप क्राइंग, दे आर गोइंग होम."

जूनमधल्या एका रविवारी साहेबांचा फोन आला. नवरा मुसफ्फाला होता, म्हणून माझ्याशीच बोलले. आवाज शांत होता. म्हणाले, काल तिला वर टेकडीवर नेलं. चेस्टनटचा बहर ओसरलाय, पानांची गर्द सावली आहे. बाक तेच मिळालं. रिवाजाप्रमाणे घरून जेवण नेलं, मुळा नेला, तिच्या आईचं चौकटीचं टेबलक्लॉथ बहिणीने जपून ठेवलं होतं ते अंथरलं. बिअर आणून देणारी म्हातारी तिची शाळेतली मैत्रीण निघाली. ती रडत येऊन गळ्यात पडली, आणि बाईने पाहुण्याने करावं तसं तिच्याशी हात मिळवला.

मी विचारलं, "आणि बिअर?"

"प्यायली. सगळी प्यायली," साहेब म्हणाले. "मग कितीतरी वेळ खाली बघत बसली. छपरं, नदी, चर्चचे मनोरे. आणि तुम्हाला सांगतो, बोलली. कित्येक महिन्यांनी एक पूर्ण वाक्य बोलली."

मला वाटलं, जिंकला हा माणूस. मी म्हटलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, किती सुंदर गाव आहे. आपण इथे आधी कधीच कसे आलो नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग साहेब म्हणाले, "मी तिला सांगितलं, कामात राहून गेलं."