वॉर्डातले तीर्थ

सुरतेतल्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर माझ्या सकाळी देवपूजेला आणि दुपारी एका धर्मादाय रुग्णालयाला वाहिलेल्या होत्या. सुरुवात पत्नीच्या निमित्ताने झाली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ती तेथे काही दिवस होती आणि मी घरच्या शाळिग्रामाचे तीर्थ तिच्यासाठी नेत असे. शेजारच्या खाटांवरच्या बायकाही हात पुढे करू लागल्या. पत्नी बरी होऊन घरी आली, तरी मी जातच राहिलो. तांब्याचे पात्र देवघराबाहेर न्यायचे नाही, म्हणून तीर्थ प्लास्टिकच्या बाटलीत, तुळशीची दोन पाने घालून. त्या बाटलीला साबण कधी लावला नाही. तीर्थाच्या पात्राला साबण लावावा, हा विचारच मला शिवला नव्हता.

दुसरे काम तळमजल्यावर होते. माझी सून तेथल्या प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी करणारी डॉक्टर. नव्वदच्या दशकाची अखेर होती. रुग्णालयात एक संगणक आला होता आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा माग ठेवणारा एक प्रोग्रॅम तिला फ्लॉपीवर मिळाला होता. नोंदवहीतली प्रत्येक ओळ त्यात भरायची: वॉर्ड, खाट, तारीख, जंतू, आणि जंतू वाढवायच्या तबकडीत औषधाच्या प्रत्येक चकतीभोवती जंतू न वाढता राहिलेल्या स्वच्छ वर्तुळाची रुंदी. वर्तुळ मोठे तर औषध लागू. सहा मिलिमीटर ही चकतीचीच रुंदी. म्हणजे वर्तुळ नाहीच, औषध व्यर्थ. मी वाचायचे, तिने टाइप करायचे.

"अण्णा, रुद्राचं आवर्तन नाही हे, मिलिमीटर आहेत. जरा सावकाश."

"तुझी बोटे अडखळतात, त्याला माझा काय इलाज?"

एका दुपारी तिने स्त्रियांच्या शस्त्रक्रिया-वॉर्डातल्या दोन महिन्यांच्या नोंदी एकत्र काढल्या. जखमेत हिरवट पू, सगळीकडे एकच जंतू, आणि वर्तुळांच्या रकान्यात सहा, सहा, सहा. पडद्यावर खाटांचे क्रमांक आले: सात, आठ, अकरा, बारा. मी ते वाचले आणि थांबलो.

"नऊ आणि दहा कुठे आहेत?"

"दहाची खाट मोडली आहे. नऊवर हा जंतू नाही सापडला. का हो?"

नऊवर एक जैन वृद्धा होती. उकळलेल्या पाण्यावाचून ती थेंब घेत नसे, आणि माझ्या तीर्थाला दुरूनच हात जोडी. त्या रांगेतल्या उरलेल्या चौघींना मी रोज तीर्थ देत होतो. त्यांच्या आग्रहावरून जखमेच्या पट्टीवरही शिंपडत होतो.

वॉर्डातली गुजराती सिस्टर मागे एकदा हसत म्हणाली होती, "दादा, तमारी बाटली तो खाली ज नथी थती." ती रिकामी होत नव्हती, कारण अर्धी झाली की मी वॉर्डातल्या बेसिनच्या नळावर भरून घेई. गुरुजींनी लहानपणी शिकवले होते, गंगेचा एक थेंब घागरीत पडला की घागर गंगाच होते. तो थेंब मी साठ वर्षे मानला. दुसऱ्या कशाचाही थेंब तसाच वागत असेल, हे कधी मनात आले नाही.

पिशवीतली बाटली काढून मी तिच्या टेबलावर ठेवली. "हिची तपासणी कर."

तिने बाटलीला हात लावला नाही. "अण्णा, तुम्ही उगीच मनाला लावून घेताय."

"इतरांचे नमुने घेतेस तसा घे. नळाचाही घे."

निकालाला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत माझा जप एकदाही शेवटास गेला नाही. सहस्रनामात मी तेथल्या तेथे फिरत राही, पुढचे नाव सुचत नसे. वॉर्डात गेलोच नाही. अकरा नंबरवर खानदेशातली एक बाई होती. नवरा शहराच्या कडेला भेस्तानला कापडाच्या लूमवर कामाला. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची जखम उकलली होती आणि ताप हटत नव्हता. ती वाचली नाही तर ते माझ्या हातून झाले असेल का, एवढा एकच प्रश्न माझ्याबरोबर उठत होता, बसत होता.

"सकाळपासून तिसरं स्नान," पत्नी म्हणाली. "सोवळं एवढं कडक कधीपासून झालं?"

मी ओला पंचा पिळून दोरीवर टाकला.

तिसऱ्या दिवशी सुनेने दोन तबकड्या समोर ठेवल्या. दोन्हींत हिरवी झाक. नळात तोच जंतू, बाटलीतही तोच, आणि तेच सहा, सहा, सहा. या खेपेस नव्याने तपासलेल्या एकाच औषधाभोवती वर्तुळ उरले होते.

"मूळ नळात आहे, अण्णा. अहवालात मी नळ लिहिते. तेवढं पुरे आहे."

"नळ काही खाटेखाटेशी चालत गेला नाही."

"कुणी नेलं, ते आकडे सांगत नाहीत. सिस्टरांचे हातही तिथेच धुतले जातात."

"म्हणून अहवालातून बाटली गाळायची?"

मी तिच्याजवळची नमुन्यांची चिठ्ठी घेतली आणि वाचू लागलो. "नमुना, पाणी. ठिकाण, बाटली." ती टाइप करीत गेली. त्या दिवशी सावकाश वाचा असे तिला म्हणावे लागले नाही.

वर्तुळ उरलेले ते औषध अकरा नंबरला त्याच सकाळी सुरू झाले. पुढच्या आठवड्यात तिचा ताप उतरला. पण हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मी वर गेलो. नवरा खाटेपाशी स्टुलावर बसला होता.

"बाबा, दोन दिन उनात नहीत तुम्ही. ती वाट देखस."

मी त्याला सारे सांगितले. त्याने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसले.

"मी नहीं सांगनार तिले. तुम्हीच सांगा."

तो संतापला असता तर मला सोपे गेले असते. मला पाहताच तिने सवयीने उजवा तळहात पुढे केला होता. मी म्हणालो, "आई, या वॉर्डातल्या नळात आणि माझ्या पाण्यात जंतू निघाले. तेच मी तुमच्या जखमेवर शिंपडत होतो. त्यानेच हे झाले असेल, नसेलही. मला निश्चित सांगता येत नाही."

मग तिने तळहात मिटला आणि चादरीखाली घेतला. क्षमेचे शब्द मी जिन्यात जुळवले होते. त्यांतला एकही तोंडातून निघाला नाही.

"मंग तो नळ?" तिने क्षीण आवाजात विचारले. "बाकीन्या बाया तठेच हात धुतस."

नळ बंद करा, अशी सुनेची चिठ्ठी कार्यालयात पोहोचली होती, पण प्लंबर यायचा होता, आणि नळ मोकळाच होता. मी खांद्यावरचे उपरणे काढून त्याच्या तोंडाला गुंडाळले, दोन गाठी मारल्या, आणि माणूस येईपर्यंत बेसिनपाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकीला पलीकडच्या वॉर्डात हात धुवायला पाठवीत राहिलो.