कानाशी धरलेली काडी

आजी गवताची काडी कानाशी धरून मोडायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि मग निकाल द्यायच्या. "वाजलं साहेब, आज जळते." नाहीतर, "वाकलं. आज निवांत चहा प्या."

नागपूरजवळ, कुहीकडच्या माळावर आम्ही गवताची ओल मोजत असू, वणव्याचा धोका आधी कळावा म्हणून. या आजी गवत कापायला रोजंदारीवर होत्या. लुगडं, पायांत मुलाचे जुने बूट. कापलेलं गवत मी नागपूरला नेऊन भट्टीत वाळवतो, हे कळल्यावर म्हणाल्या, "काहून साहेब, गवताचे पापड भाजून राहिले का?" माझ्या मोज्यांतली कुसळं मात्र त्याच काढून द्यायच्या. "गवताले तुमी लय आवडले. सोडतच नाही."

मला त्यांचं ते काडी ऐकणं थोतांड वाटे. तुम्हालाही वाटलं असतं.

एका फेब्रुवारीत जाळरेषा काढायची होती. म्हणजे गवताचा एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, पुढे वणवा आला तर तिथे अडावा म्हणून. पट्ट्यापलीकडे गावाचं तणीस रचलेलं होतं, जनावरांचा सगळ्या उन्हाळ्याचा चारा. माझ्या आकड्यांप्रमाणे गवतात पुरेशी ओल होती. भर दुपारी माणसं जमली. आजींनी काडी मोडली.

"वाजलं. आज नको."

"आजी, मी मोजलंय."

"तुमी सकायी कापून नेलं. दव मोजलं तुमी."

मी चिडलो. एवढी माणसं गोळा केली होती आणि ही बाई मला शिकवणार. आजींनी वाद घातला नाही. मूठभर गवत उपटलं, मोकळ्या गाडीवाटेवर ठेवलं आणि पेटवलं. ज्वाळ वाऱ्याबरोबर आडवी झाली, एक पेटती काडी उडाली आणि वाट ओलांडून पलीकडे पडली. आजींनी धावत जाऊन ती बुटाखाली चिरडली. आमचा पट्टा त्या वाटेएवढाच रुंद होता. मी काडेपेटी खिशात घातली. मला फार लाज वाटली.

परतताना त्यांच्या मागून चालत विचारलं, "काडीत नेमकं काय ऐकू येतं?" उत्तर नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं, तेव्हा वळून हसल्या.

"मले कुठं ऐकू येते? कान केव्हाचे गेले. बोटाले समजते."

"मग कानाशी काहून धरता?"

"काडी कानाले लावली का साहेब लोकं चूप बसतात."

इतकं शहाणं माणूस मी आमच्या कचेरीत पाहिलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आजी गेल्या. यंदा पुन्हा जाळरेषेवर उभे होतो. नवी पोरं आपापले आकडे सांगत होती, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मी एक काडी उपटली. माझ्या बोटांना अजून नीट कळत नाही, तरी ती कानाशी धरली. सगळे गप्प झाले.

काडी वाजली.

"आज नको," मी म्हणालो.