टीव्हीवरचा लाल ठिपका

क्रिकेटची नजर आमच्या घरात फक्त मला आहे, असं माझं ठाम मत होतं. मुलीला, मुक्ताला, मी लहानपणापासून एकच दटावत आलो, चेंडूवरून डोळा हलवायचा नाही! (मी स्वतः कुठल्या संघातून खेळलो, हे तिने सुदैवाने कधी विचारलं नाही.)

मे महिन्यात तिच्या प्रशिक्षक मॅडम घरी आल्या. मुक्ताला पुण्याच्या शिबिराला न्यायचं होतं आणि माझी परवानगी हवी होती. तिथे म्हणे मुली डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून खोट्या गोलंदाजासमोर सराव करतात आणि नजर कुठे जाते ते यंत्र दाखवतं. असल्या खेळण्यापायी पोरीने घाट चढायची गरज नाही, नजर उपजत लागते, असं मी सुनावलं. मुक्ताचा चेहरा उतरला.

मॅडमनी शांतपणे पिशवीतून तो चष्मा काढून टीव्हीला जोडला. "काका, तुम्हीच बघा की घालून."

घातला! कानात प्रेक्षकांचा गोंगाट सुरू झाला आणि एक धिप्पाड गोलंदाज अंगावर धावत आला. मी मुक्ताची बॅट फिरवली आणि ओरडलो, "बघितलंस मुक्ता? शेवटपर्यंत नजर!" पुढच्या प्रत्येक चेंडूला हेच. कुणी काही बोलेना. मला वाटलं, भारावलेत.

मग मला चेवच आला. षटकार मारायला पुढे धावलो, पाय कशात तरी पचकन रुतला आणि मी हॉलच्या कोपऱ्यात पेंढ्यावर पिकत घातलेल्या हापूसच्या आढीत आडवा! चष्मा काढून बघतो, तर बायकोचंसुद्धा आंब्यांकडे लक्ष नव्हतं. सगळे टीव्हीकडे बघत होते.

टीव्हीवर माझी नजर लाल ठिपका होऊन दिसत होती. मॅडमनी मला ते पुन्हा लावून दाखवलं. गोलंदाज धावतोय, ठिपका प्रेक्षकांत हिंडतोय. चेंडू सुटला की ठिपका गायब. दर वेळी.

"अहो, तुम्ही डोळे मिटताय," बायको म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुक्ता हसली असती तर बरं वाटलं असतं. ती माझ्या शर्टावरचा पेंढा काढत हळूच म्हणाली, "बाबा, माझेपण मिटतात. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही."

अंगावरून रस निथळत असतानाच मी मॅडमना विचारलं, हिला कधी आणून सोडू?

मुक्ता गेली. पहिल्याच तासाला मॅडमनी सगळ्या मुलींना, काय करू नये हे समजावायला, माझा व्हिडिओ दाखवला. (परवानगी बायकोने दिली होती.) म्हणजे पुण्याच्या शिबिरासाठी आमच्या घरातून शेवटी दोघांची निवड झाली.