चित्रातली सुकट झाकली

मित्रांनो, दुपारपासून डोकं सुन्न आहे, म्हणून लिहितोय.

मी एका वाचनालयाची पुस्तकं घरोघरी पोचवतो. परत घेताना प्रत्येक पान तपासायची सवय आहे. आज वारज्यात एका ताईंनी लहान मुलांचं पुस्तक परत दिलं. त्यातली आई तव्यावर सुकट भाजते. त्या तव्यावर पांढरा कागद चिकटवलेला होता, कडेने अगदी नीट कापून.

"ताई, हे काय झालं?"

"अहो, मुलांच्या पुस्तकात असलं कशाला? पान फाडलं नाही, झाकलंय. उलट पुढच्यांची सोयच केली."

मी पुस्तक पिशवीत घातलं. आज सकाळी आमच्याकडे सुकटच होती. जिन्यात येऊन मी आधी स्वतःची बोटं हुंगली.

माझी शाळा नववीत सुटली. आमच्यासारखं स्वयंपाकघर पुस्तकात पहिल्यांदा दिसलं ते याच पानावर. आईला दाखवलं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "अगं बाई, हिचापण तवा काळाच!"

वाचनालयाच्या मॅडम म्हणाल्या, "राहू दे, उद्या तसंच कपाटात ठेव."

मला ते तसं ठेवायचं नाही. खालचं चित्र न खरवडता वाळलेला डिंक कसा काढायचा, कुणाला माहीत आहे का?