अंगणात गाडी लागणार नाही

गोराईच्या किनाऱ्यावर पर्यटनाची पत्रकं वाटत फिरताना मला ती कोळीण नेहमी दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. घराच्या मागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना द्यायची, पण अंगणात गाडी लावू द्यायची नाही. तिथे दोरीवर, जबड्यात जबडा अडकवून, बोंबील वाळत असायचे.

"मावशी, हे काढा ना, वास येतो. नाहीतर आम्ही रिसॉर्टला जातो," एकदा एक पाहुणा म्हणाला.

बोंबील अडकवणारे तिचे हात थांबले नाहीत. "जा की. टाळेबंदीत तुमच्यातलं कोण आलं नाय. घर ह्या वासावरच चाललं."

तो गेला. खोली रिकामी राहिली.

पर्यटन संकटातून किती सावरलं, हे साहेब लोक किनाऱ्यावरच्या गाड्या मोजून ठरवतात. पुढच्या संकटात कोण तगेल हे कळायला हवं असेल, तर कोणाच्या अंगणात अजून मासळी वाळते ते मोजा.