आजाराचं नाव

ती घटना आजही आठवली की मी उठून येरझाऱ्या घालतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. उमरखेड तालुक्यातला एक शेतकरी मुलीला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला. तिचं साक्षगंध झालं होतं आणि वरपक्षानं लग्न मोडलं होतं. कारण काय, तर मुलीला टीबी. खरं तर औषधं पूर्ण होऊन ती ठणठणीत बरी झाली होती. घराबाहेर हे फक्त गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला माहीत होतं.

मी आशाताईलाच बोलावलं, दोन तास दरडावलं. ती रडली नाही, उलट भडकली.

"मी काहून सांगीन साहेब? सहा महिने गोळ्या मीच देल्या तिले. तिच्या रिपोर्टचे मेसेज कोणाच्या मोबाइलवर जाऊन राह्यले, ते पाहा ना आधी!"

मला झोंबलं, पण बाई बरोबर होती. मुलीच्या घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात. त्यात दवाखान्याचा एकही मेसेज नव्हता. तिच्या हेल्थ कार्डाला जोडलेला नंबर निघाला ढाणकीतल्या एका ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानदाराचा.

समोर बसवताच तो घाईघाईनं सांगू लागला. "बायाईजवळ मोबाइल नसते साहेब, ओटीपीसाठी लाइन खोळंबते. म्हणून साऱ्याईले माहाच नंबर टाकला." त्याच्या फोनात अर्ध्या गावाची दुखणी पडलेली होती.

"मग नवरदेवाच्या घरी कायले सांगितलंस?"

"माह्या मावशीचा पोरगा हाय तो. फसू नये म्हणून सांगतलं."

मनात पाप नव्हतं, अक्कलही नव्हती. गुन्हा नोंदवला. फिर्याद मी स्वतः लिहून घेतली: मुलीचं नाव, गाव, आजार, सगळं तपशीलवार. अशा फिर्यादीची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर जाते. प्रकरण नाजूक असेल तर ती रोखता येते. तपास लागल्याच्या तोऱ्यात मी ते केलंच नाही.

पंधरा दिवसांनी मुलगी एकटीच आली. ती प्रत गावच्या ग्रुपवर फिरत होती. आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, त्यानं एका घरी सांगतलं. तुमी त साऱ्या गावाले सांगतलं."

प्रत त्याच दिवशी काढायला लावली. लोकांच्या फोनातून कशी काढणार? कोणाचं दुखणं लिहून घेण्याआधी ते कोणाकोणाच्या नजरेला पडेल याचा विचार करावा, हे मी त्या मुलीकडून शिकलो. नोकरी संपत आल्यावर शिकलो, याची लाज वाटते. दुकानदारावर दोषारोपपत्र गेलं. माझ्याविरुद्ध मात्र कोणी फिर्याद दिली नाही, तिनंही नाही.